मूल पॉटीसाठी तयार झालंय, हे कसं ओळखायचं?

दीड वर्षाचं मूल उभ्या उभ्या शू करतं आणि मग खाली बघतं. पायाशी पाणी कुठून आलं, याचा त्याला पत्ताच नसतो. पुढे कधीतरी तेच मूल शू होत असताना खेळ थांबवून जागच्या जागी उभं राहतं. आणि त्यानंतर एक दिवस शू व्हायच्या आधीच ते चुळबुळ करतं, चड्डी धरतं, तुमचा हात ओढतं. झाल्यावर कळणं, होताना कळणं आणि होण्याआधी कळणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. पॉटीची सवय लावायला घ्यायची की थांबायचं, हे मूल यातल्या कोणत्या पायरीवर आहे ते बघून ठरवावं. वयाचा आकडा त्यानंतर बघायचा.

पहिल्या पायरीवरच्या मुलाला पॉटीवर बसवलं तर ते बसेल, हसेल, पाच मिनिटं खेळेल आणि उतरल्यावर लगेच जमिनीवर शू करेल. घरातल्यांना वाटतं, मुद्दाम केलं. पण ज्याला शू येतेय हेच कळत नाही, ते मुद्दाम काय करणार? त्याला रागावलं तर ते एवढंच शिकतं की या जागेशी, या वस्तूशी मोठ्या माणसांचा राग जोडलेला आहे. पुढे खरी तयारी झाल्यावरही ही भीती आड येते.

आत शरीरात काय चालतं

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरत जाते तसा तिच्या भिंतीला ताण बसतो आणि त्या ताणाचा निरोप कण्यातल्या मज्जारज्जूकडे जातो. पिशवीच्या तोंडाशी, ते बंद ठेवणारे स्नायूंचे दोन वळसे असतात. आतला वळसा आपल्या इच्छेबाहेर काम करतो, बाहेरचा आपण ठरवून आवळू आणि सैल सोडू शकतो. तान्ह्या बाळाचा या बाहेरच्या वळशावर ताबा नसतो. पिशवी थोडी भरली की ती आपोआप आकुंचन पावते. म्हणून नवजात बाळ दिवसाला वीसएक वेळा शू करतं, तीही पुष्कळदा तुटक, आणि प्रत्येक वेळी पिशवी पूर्ण रिकामी होतेच असं नाही.

पुढच्या दोन-तीन वर्षांत तीन गोष्टी बदलतात. पिशवीची क्षमता वाढते. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ती साधारण ९० ते १२० मिलिलिटर असते आणि त्यानंतर दर वर्षाला अंदाजे ३० मिलिलिटरने वाढते. मेंदूपासून मज्जारज्जूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवरचं आवरण पक्कं होत जातं. वळशाच्या स्नायूंवर ताबा येण्याइतकी ही जोडणी साधारण १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान तयार होते. तिसरी गोष्ट सगळ्यात सावकाश येते. ताणाचा तो निरोप जाणिवेपर्यंत पोचायला लागतो आणि मेंदू ‘आत्ता नको, थोडं थांब’ असा उलटा हुकूम देऊ लागतो.

शीचंही असंच आहे, फक्त तिथे मुलाला थोडा जास्त वेळ मिळतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात शी येऊन साठली की दाब जाणवतो, आणि तो लघवीच्या कळेपेक्षा ठळक असतो. त्यामुळे बहुतेक मुलांना शी आधी ओळखता येते, शू नंतर. नेहमीचा क्रमही तसाच दिसतो. आधी रात्रीची शी थांबते, मग दिवसाच्या शीवर ताबा येतो, त्यानंतर दिवसाच्या शूवर आणि सगळ्यात शेवटी रात्रीच्या शूवर. सगळी मुलं हा क्रम पाळतात असं नाही, पण दिवसा कोरडं राहू न शकणाऱ्या मुलाकडून रात्री कोरडं राहायची अपेक्षा करू नये, एवढं तरी यावरून नक्की समजतं.

वयाचं काय?

तयारीची चिन्हं बहुतेक मुलांत १८ ते ३० महिन्यांच्या दरम्यान एकेक करून दिसू लागतात. ‘एकेक करून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. पॉटीबद्दल कुतूहल आणि दिवसभर कोरडं राहण्याची क्षमता यांच्यात सहज अनेक महिन्यांचं अंतर असतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ मध्ये हजाराहून अधिक मुलांच्या नोंदींवरून मुलाच्या कलाने जाणारी पद्धत मांडली. त्यांच्या पाहणीत मुलं दिवसा कोरडी राहू लागण्याचं सरासरी वय साडेअठ्ठावीस महिने होतं. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अमेरिकी अभ्यासात दिवसभर कोरडं राहण्याचं मध्यवर्ती वय (निम्म्या मुलांना ज्याच्या आत जमतं ते) मुलींसाठी साडेबत्तीस आणि मुलग्यांसाठी पस्तीस महिने आलं. म्हणजे अडीच वर्षांच्या मुलाला अजून डायपर लागत असेल तर त्यात काळजी करण्यासारखं काही नाही, आणि मुलगा मुलीपेक्षा दोन-तीन महिने मागे असणं अगदी नेहमीचं आहे.

लवकर सुरुवात केली तर लवकर संपेल, हा समज फार पक्का बसलेला आहे. २००३ मध्ये ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं ते वेगळं. सवय लावायला जितक्या लवकर घेतलं तितका एकूण काळ लांबला, आणि २७ महिन्यांच्या आत नेटाने, दिवसातून अनेकदा पॉटीवर बसवण्याचा सपाटा लावल्याने काम लवकर पुरं झालं असं काही आढळलं नाही. लवकर सुरुवात करून नुकसान झालं, असंही त्या अभ्यासात दिसलं नाही, हे इथे सांगायलाच हवं. पालकांचे आणि मुलाचे महिने मात्र जास्त खर्ची पडले.

तान्ह्या बाळाला ठरावीक वेळी धरून, तोंडाने आवाज काढून शू करवण्याची रीत जगात अनेक ठिकाणी आहे आणि ती चालतेही. पण तिथे वेळ मोठं माणूस ओळखतं, बाळाला त्या आवाजाची सवय होते. मुलाने स्वतः कळ ओळखणं, धरून ठेवणं, योग्य जागी जाणं हे निराळं कौशल्य आहे आणि हा लेख त्याबद्दल आहे.

घरी तपासून बघा

अंदाजाने ठरवण्यापेक्षा घरी निवांत असाल असे दोन दिवस निवडा आणि एक वही घ्या. हे दोन दिवस काही शिकवायचं नाही, फक्त बघायचं. सकाळी उठल्यापासून मुलाला साधी सुती चड्डी घाला. हल्लीच्या डायपरमधली जेल ओलावा इतका शोषून घेते की ओलं झाल्याचं मुलाला जाणवत नाही आणि तुम्हालाही बाहेरून पटकन समजत नाही. दर अर्ध्या तासाने चड्डी कोरडी आहे की ओली ते लिहा, आणि ओली असेल तर थोडीशी ओली की चिंब, हेही लिहा. कधी प्यायलं, कधी जेवलं, कधी झोपलं आणि शी कधी झाली, याच्या वेळाही टिपा. शी घट्ट होती की मऊ, हा शेर्‍याचा एक शब्द विसरू नका. तो पुढे कामाला येतो.

वही वाचताना आधी दोन शूंमधलं अंतर बघा. दिवसातून निदान दोन-तीनदा ते दीड ते दोन तासांचं भरलं, आणि शू होते तेव्हा भरपूर होते, तर मूत्राशय साठवू लागलं आहे. चड्डी दर वीस-तीस मिनिटांनी थोडी थोडी ओली होत असेल तर ते अजून साठवत नाही. दुपारच्या झोपेतून कोरडं उठणं हे त्याच तयारीचं दुसरं, बरंच भरवशाचं चिन्ह. शीची वेळ दोन्ही दिवशी साधारण सारखी असेल तर आतडीही लयीत आहेत.

मग मुलाकडे बघा. शी येते तेव्हा काय होतं? पुष्कळ मुलं या वयात खेळता खेळता गप्प होतात, सोफ्यामागे किंवा पडद्याआड जातात, खुर्चीची कड घट्ट धरतात, चेहरा लाल होतो, नजर एका जागी स्थिर होते. कोणी जवळ गेलं तर ‘जा’ म्हणतात. हे लपणं फार मोलाचं चिन्ह आहे. आतून कळ येतेय हे मुलाला समजलंय, ती येऊन पुढे काय होणार तेही समजलंय, आणि त्यासाठी जागा निवडायची ताकदही आली आहे. फक्त निवडलेली जागा आपल्याला हवी ती नाही. असं मूल आता पॉटीच्या अगदी जवळ आलेलं असतं.

बाकीच्या गोष्टी रोजच्या खेळातून कळतात. ‘चेंडू उचल आणि टोपलीत टाक’ असं दोन भागांचं सांगणं मूल पुरं करतं का? आपल्या आपण चालत जाऊन छोट्या खुर्चीवर बसून उठतं का? इलॅस्टिकची चड्डी कमरेखाली ओढू शकतं का? शी आणि शूसाठी त्याच्याकडे काही शब्द किंवा खूण आहे का? शब्दच हवा असं नाही. उशिरा बोलणारं मूल पोटावर हात ठेवून किंवा पॉटीकडे बोट दाखवून तेच सांगू शकतं. बोलायला लागेपर्यंत थांबायचं म्हटलं तर अशा मुलाचे महिने फुकट जातात.

आणि इच्छा? ती ओळखायला सोपी आणि गृहीत धरायला धोक्याची. ओली चड्डी नको वाटणं, वस्तू जागच्या जागी ठेवायला आवडणं, मोठ्यांची नक्कल, ‘मी करणार’ हा आग्रह, हे सगळं अनुकूल. पण दोन वर्षांच्या आसपास एक काळ असा येतो की प्रत्येक गोष्टीला ‘नाही’ हेच उत्तर असतं. त्या ऐन भरात सुरुवात करू नये. खाणं, झोपणं आणि शी-शू यांवर मुलाचं राज्य असतं, तिथे जबरदस्ती चालत नाही. तो काळ काही आठवड्यांनी ओसरतो, तेवढं थांबावं.

हे सगळं एकत्र कसं वाचायचं? मूल पहिल्या पायरीवर असेल, म्हणजे त्याला झाल्यावरच कळत असेल, तर डायपर चालू द्या. फक्त बदलताना ‘शू झाली’, ‘शी झाली’ असं म्हणत जा, म्हणजे शब्द आणि अनुभव जोडले जातील. दुसऱ्या पायरीवर असेल तर पॉटी आणा, ठेवा, कपड्यांसकट बसू द्या, मोठ्यांचं बघू द्या. डायपर अजून काढू नका. होण्याआधी कळण्याची चिन्हं दिवसातून एक-दोनदा जरी दिसू लागली, दीड-दोन तासांचा कोरडेपणा आणि चड्डी ओढण्याइतके हात तयार असले, की दिवसाचा डायपर काढायची वेळ आली. सगळी चिन्हं शंभर टक्के जमून येण्याची वाट बघायची गरज नाही, पण ही तीन नसतील तर बाकीची कितीही असली तरी काम रेंगाळतं.

फसवी चिन्हं

पंधरा-सोळा महिन्यांचं मूल तुमच्यामागून संडासात येतं, फ्लश दाबायचा हट्ट धरतं, पॉटीवर टेडी बसवतं. घरातल्यांना वाटतं, आलं वय. बहुतेकदा ही निव्वळ उत्सुकता असते. ती छान आहे, तिला वाव द्या, पण तिच्या भरवशावर डायपर काढू नका. तसंच एकदा योगायोगाने पॉटीत शू झाली म्हणून सगळं जमलं असं होत नाही. सकाळी उठल्या उठल्या बसवलं तर भरलेलं मूत्राशय कुठेही रिकामं होणारच होतं.

मूल बराच वेळ कोरडं राहतंय, पण पाणी फार कमी पितंय आणि शू गडद पिवळी होतेय, तर तो कोरडेपणा ताब्याचा नव्हे, पाणी कमी पडल्याचा आहे. डायपर ओढून काढणंही दर वेळी तयारीचं लक्षण नसतं. पुरळ उठून आग होत असेल तरी मूल तेच करेल, म्हणून आधी त्वचा बघा. पाळणाघराची अट, शाळेचा प्रवेश, शेजारचं मूल ही तर मुलाच्या तयारीची चिन्हं नव्हेतच, ती मोठ्यांची घाई आहे. प्रवेशाची तारीख जवळ असेल तर तिथल्या शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावं. मुलावर त्या तारखेचं ओझं टाकू नये.

सुरुवातीआधी शी मऊ आहे ना, ते बघा

पॉटीची सवय बिघडते ती बहुतेकदा इथे. म्हणून हा भाग घाईने वाचू नये.

मुलाची शी एकदा कडक झाली, खडा झाला, आणि करताना दुखलं की ते दुखणं त्याच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी कळ आली की ते शी करत नाही, आवळून धरतं. हे आवळणं कसं दिसतं ते नीट ओळखा. मूल चवड्यांवर उभं राहतं, पाय ताठ करतं किंवा एकमेकांत अडकवतं, ढुंगण आवळतं, टेबल धरून पुढे-मागे झुलतं, चेहरा लाल होतो. बघणाऱ्याला वाटतं, बिचारं किती कुंथतंय. प्रत्यक्षात ते शी बाहेर काढत नसून आत ढकलत असतं. लपून शी करणारं मूल आणि लपून शी धरून ठेवणारं मूल दिसायला सारखं. फरक एवढाच की पहिल्याच्या चड्डीत थोड्या वेळाने नेहमीची मऊ शी असते, दुसऱ्याच्या चड्डीत काही नसतं किंवा नुसता डाग असतो.

धरून ठेवलेल्या शीतलं पाणी आतडं शोषून घेतं, खडा आणखी कडक होतो, पुढच्या वेळी आणखी दुखतं. आठवडे असेच गेले की आतड्याचा शेवटचा भाग ताणून मोठा होतो आणि शी आल्याची जाणीवच बोथट होते. मग साठलेल्या खड्याच्या कडेने पातळ शी झिरपते आणि चड्डी खराब होत राहते. घरात याला जुलाब किंवा आळस समजलं जातं, मूल ओरडा खातं, आणि खरं कारण असतं बद्धकोष्ठ. भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयालाही दाबतं, त्यामुळे शूसुद्धा वारंवार आणि अचानक होते.

म्हणून वहीत त्या दोन दिवसांत, आणि आधीच्या दोन आठवड्यांत आठवत असेल तसं, शी आठवड्यातून तीन वेळांपेक्षा कमी, खड्यासारखी, फार जाड किंवा रडत झाली असेल, तर पॉटीचा विषय तूर्त बंद ठेवा. पाणी, फळं, भाज्या, डाळी, सालासकटची धान्यं वाढवा. दूध फार होत असेल आणि त्यामुळे जेवण कमी होत असेल तर ते आटोक्यात आणा. आठवडाभरात फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा. शी मऊ करणारी औषधं पुष्कळदा काही महिने द्यावी लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली की खडा परत येतो. मनाने एनिमा किंवा जुलाबाचं औषध देऊ नये. शी सलग काही आठवडे मऊ आणि न दुखता झाली, की मगच पॉटी.

सुरुवात केल्यावर

चिन्हं दिसली, शी मऊ आहे, घरात नवं बाळ येण्याची, घर बदलण्याची किंवा आजारपणाची धामधूम नाही. मग सुरू करा.

बैठक आधी. जमिनीवर ठेवायची छोटी पॉटी असेल तर पाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघे कमरेच्या किंचित वर आले पाहिजेत. मोठ्या कमोडवर लहान सीट लावणार असाल तर पायाखाली स्टूल हवंच. अधांतरी लोंबणाऱ्या पायांनी मूल पडायच्या भीतीने मांड्या आवळतं, आणि आवळलेल्या मांड्यांनी शी उतरत नाही. उकिडवं बसण्याची सवय असलेल्या मुलाला तसंच बसवलं तरी उत्तम. मुलग्यांनाही सुरुवातीला बसूनच शू करायला शिकवा. शी आणि शू पुष्कळदा एकदम येतात, आणि बसल्यावर मूत्राशय निवांत रिकामं होतं. मुलींना पुढून मागे धुवायची किंवा पुसायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, म्हणजे शीतले जंतू लघवीच्या जागेकडे जाणार नाहीत.

वेळा ठरलेल्या ठेवा. उठल्यावर, आंघोळीआधी, झोपायला जाताना, आणि जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांनी. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलायला लागतं, म्हणून जेवणानंतरची वेळ शीसाठी सगळ्यात चांगली. एका वेळी तीन ते पाच मिनिटं पुरे. हातात मोबाइल देऊन अर्धा तास बसवून ठेवलं तर मूल बसायला शिकतं, शी करायला नाही. ‘शू आली का?’ असं दर दहा मिनिटांनी विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’च येतं, आणि आपली कळ आपण ओळखायची हे काम मुलाकडून तुमच्याकडे येतं. ‘चल, शूला जाऊन येऊ’ एवढं वेळेवर म्हणणं पुरतं.

चड्डीत झाली तर चेहरा साधा ठेवून ‘शू झाली, चड्डी बदलू’ इतकंच. चुका कमी व्हाव्यात म्हणून पाणी तोडू नका. कमी पाण्याने शी कडक होते आणि लघवीच्या संसर्गाची शक्यता वाढते. शाबासकी द्यायची ती बसल्याबद्दल, सांगितल्याबद्दल द्या, केवळ पॉटीत काय पडलं त्याबद्दल नको, कारण ते दर वेळी मुलाच्या हातात नसतं. आणि आजी-आजोबा, आई-बाबा, पाळणाघरातल्या ताई या सगळ्यांनी शब्द आणि वेळा एकच ठेवाव्यात.

शू पॉटीत आणि शीला मात्र डायपर मागणं, हे खूप मुलांत दिसतं. डायपर नाकारलं तर मूल शी धरून ठेवेल आणि वर सांगितलेलं दुष्टचक्र सुरू होईल. डायपर द्या, पण शी संडासात उभं राहून करू दे. ते जमलं की डायपर लावून पॉटीवर बसू दे. मग डायपर सैल लावा, पुढे नुसता पॉटीत अंथरून ठेवा, आणि मग तोही काढा. प्रत्येक टप्प्याला काही दिवस किंवा आठवडा जाऊ शकतो. फ्लशच्या आवाजाची भीती असेल तर मूल बाहेर गेल्यावर फ्लश करा.

सुरुवातीपासून दिवसा भरवशाने कोरडं राहीपर्यंत साधारण तीन ते सहा महिने लागतात. अधूनमधून चुका त्यानंतरही होतात, खेळात रमल्यावर तर हमखास. पण दोन आठवड्यांत काहीच हलत नसेल, रोज रडारड होत असेल किंवा मूल शी धरू लागलं असेल, तर डायपर परत घाला आणि एक-दोन महिने विषय काढू नका. हे हरणं नव्हे. थांबून पुन्हा घेतलेल्या मुलांना दुसऱ्या खेपेला पुष्कळदा बरंच पटकन जमतं. वाढ सावकाश असणाऱ्या किंवा स्वमग्न मुलांनाही हीच चिन्हं लागू पडतात, फक्त ती उशिरा येतात आणि शब्दांऐवजी चित्रांचा, ठरलेल्या क्रमाचा आधार जास्त लागतो. तिथे मुलाच्या थेरपिस्टशी बोलून सुरुवात करावी.

काही गोष्टींसाठी मात्र थांबू नये. शू करताना दुखणं, ताप, लघवीत किंवा शीत रक्त, धार फार बारीक असणं किंवा शूसाठी जोर लावावा लागणं, चड्डी कधीच कोरडी न राहता सतत थेंब थेंब गळणं, एकाएकी खूप तहान लागून खूप शू होणं, कमरेच्या खालच्या भागात मणक्यावर खोल खळगा किंवा केसांचा झुबका असणं, पायांत अशक्तपणा. यांपैकी काही दिसलं तर मुलाचं वय काही का असेना, डॉक्टरांना दाखवा. चार वर्षं पुरी होऊनही दिवसा शू किंवा शी चड्डीतच होत असेल तरीही दाखवा.

रात्रीचं वेगळं

दिवसा जमलं म्हणून रात्रीचा डायपर त्याच आठवड्यात काढायचा नसतो. रात्री कोरडं राहायला झोपेत लघवी कमी तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी मेंदूतून व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक रात्री जास्त सुटावं लागतं. शिवाय भरलेल्या मूत्राशयाने झोप मोडावी लागते. या दोन्ही गोष्टी शिकवून येत नाहीत, वयाने येतात, आणि त्यांचं वय घराण्यातही चालत येतं. आई किंवा वडील लहानपणी उशिरापर्यंत अंथरूण ओलं करत असतील तर मुलातही तसं होण्याची शक्यता बरीच जास्त असते. पाच वर्षांच्या सुमारे १५ टक्के मुलांचं अंथरूण रात्री ओलं होतं.

रात्रीचा डायपर सकाळी सलग आठवडाभर कोरडा निघू लागला की तो काढून बघा. गादीवर जलरोधक चादर घाला, झोपताना शूला न्या, उठल्यावर लगेच न्या. झोपेतून उठवून पेंगत्या मुलाला शूला नेल्याने रात्रीपुरती चादर वाचते, पण मूल त्यातून काही शिकत नाही. पाच वर्षांच्या आत रात्रीच्या ओल्या अंथरुणावर उपचार लागत नाहीत. पण सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ रात्री कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करू लागलं, तर लघवीची तपासणी करून घ्या आणि शी कडक होतेय का तेही बघा.